बास्केटबॉलांतील ‘ड्रिबल’ आणि ‘कॅरी’चा नियम : उगम व विकास

इतिहास-संशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत चेंडूच्या खेळाचा प्रपंच कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्यास आमचें उत्तर सरळ आहे. बहुतेक खेळांचे मूळ नियम लोकस्मृतींत विरून गेलेले असतात. आट्यापाट्या किंवा हुतूतू प्रथम कोणी व केव्हां मांडला, हें सांगण्यास कागद नाहीं. बास्केटबॉलची गोष्ट निराळी आहे. त्याचा कर्ता, स्थळ, काळ आणि मूळ नियमपत्र हीं चारही आपणांस उपलब्ध आहेत. टंकलिखित दोन पानांचें तें नियमपत्र २०१० सालीं न्यूयॉर्क येथील लिलांवांत ४३ लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें व पुढें तें कॅन्सस विद्यापीठांत ठेवण्यांत आलें. मूळ सूत्र अस्सल स्वरूपांत हातीं आहे, आणि त्यावर सव्वाशें वर्षांत वार्तिकांचे व भाष्यांचे थर कसे चढले तेंही सालवार पाहतां येतें, असा योग संशोधकास क्वचित् लाभतो.

प्रस्तुत लेख या खेळाच्या एकाच अंगापुरता आहे. चेंडू एका हातानें जमिनीवर आपटीत आपटीत पुढें नेणें यास ‘ड्रिबल’ म्हणतात. आणि तसें करीत असतां तो तळहातावर तोलून नेला तर त्या दोषास ‘कॅरी’ किंवा ‘पामिंग’ म्हणतात. हे शब्द आमच्या शाळकरी मुलांच्या तोंडीं इतके रुळले आहेत कीं, त्यांस संस्कृत प्रतिशब्द घडविण्याचा मोह आम्हीं आवरला आहे. जुन्या प्रेक्षकांची तक्रार अशी कीं, हल्लींचे नामांकित खेळाडू सर्रास ‘कॅरी’ करितात, पंच डोळेझांक करितात, आणि नियम केवळ पुस्तकांत उरला आहे. ही तक्रार खरी मानली तर गेल्या चाळीस वर्षांतील उत्तमोत्तम खेळाडूंचें कौशल्य हें लबाडीचें कौशल्य ठरतें. आरोप लहान नाहीं. म्हणून तो स्मरणावर न सोडतां नियमांच्या इतिहासाशीं ताडून पाहणें अवश्य आहे.

जेम्स नेस्मिथ याचा जन्म १८६१ सालीं कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत झाला. १८९१ च्या डिसेंबरांत तो अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत, स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षक-विद्यालयांत शारीरिक शिक्षण शिकवीत होता. हिंवाळ्यांत मैदानें बर्फानें झांकलेलीं. तेव्हां छपराखालीं खेळतां येईल असा एखादा खेळ शोधावा, अशी आज्ञा त्याचे वरिष्ठ ल्यूथर गुलिक यांनीं केली. नेस्मिथनें ओळखीचे सर्व खेळ एकेक करून तपासले आणि त्याची विचारसरणी अशी झाली : रग्बी फुटबॉलांत माणसें एकमेकांस धरून पाडतात, कारण चेंडू हातांत घेऊन पळण्याची त्यांस मुभा असते. पळणेंच बंद केलें तर पाडण्याचें प्रयोजन उरत नाहीं. लांकडी जमिनीवर हाडें मोडण्याचा प्रसंग टळतो. म्हणजे हा सारा खेळ एका निषेधांतून जन्मास आला आहे, आणि तो निषेध म्हणजे ‘चेंडू घेऊन पळूं नये’ हा. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व वाद तिच्याभोंवतींच फिरतो.

मूळ नियम तेरा. ते त्या विद्यालयाच्या ‘ट्रायअँगल’ पत्रांत १८९२ च्या जानेवारींत छापले गेले. त्यांपैकीं तिसऱ्याचा आशय असा कीं, खेळाडूनें चेंडू घेऊन धांवूं नये. जेथें झेलला तेथूनच तो फेंकावा. मात्र वेगांत झेलणारा थांबण्याचा यत्न करीत असेल तर त्यास सवलत द्यावी. चौथ्यांत चेंडू हातांनींच धरावा, बाहु किंवा शरीर यांचा उपयोग धरण्यासाठीं करूं नये, असें म्हटलें आहे. या दोन नियमांचा भंग त्या वेळीं ‘फाउल’ गणला जाई, आणि एका पक्षानें लागोपाठ तीन फाउल केले तर विरुद्ध पक्षास एक गोल मिळे. आजच्या व्यवस्थेंत चेंडूसह पळण्याचा दोष पुष्कळ सौम्य झाला आहे. फक्त चेंडू प्रतिपक्षास जातो. कर्त्याच्या मनांत त्या निषेधाचें वजन किती होतें, हें या एकाच फरकावरून दिसून येईल.

या तेरा नियमांत ‘ड्रिबल’ हा शब्द कोठेंही नाहीं. विधिही नाहीं, निषेधही नाहीं. पहिल्या दोन नियमांत चेंडू एका किंवा दोन्ही हातांनीं कोणत्याही दिशेस फेंकण्याची व थापटण्याची परवानगी आहे, एवढेंच. परंतु सूत्रकारानें जें बोललें नाहीं तेथेंच शिष्यांची बुद्धि चालते! प्रतिपक्षानें चहूंकडून वेढलेला खेळाडू, ज्यास पळण्याची बंदी आणि फेंकण्यास जागा नाहीं, त्यानें काय करावें? त्यानें चेंडू मुद्दाम हातांतून सोडून दिला, तो जमिनीवर आपटला किंवा घरंगळत नेला, आणि दोन पावलें पुढें जाऊन पुन्हा हस्तगत केला. मध्यंतरीं चेंडू त्याच्या ताब्यांत नव्हता. म्हणून तो ‘चेंडू घेऊन’ पळाला असें म्हणतां येईना. नेस्मिथनेंही पुढें या युक्तीचा उगम असाच सांगितला आहे : ड्रिबल आरंभीं चढाईचें साधन नव्हतें, वेढ्यांतून सुटण्याची ती एक वाट होती. अक्षरार्थ पाळून हेतूस वळसा घालण्याचा हा प्रकार मीमांसकांस नवा वाटणार नाहीं.

कोणी चेंडू डोक्यावरून हवेंत थापटीत त्याच्याखालून धांवत, कोणी जमिनीवर आपटीत. १८९७ च्या सुमारास येल विद्यापीठाच्या संघाचें नांव जमिनीवरील ड्रिबलशीं विशेष जोडलेलें आढळतें. नियम करणारांस आतां बोलावें लागलें. १८९८ च्या सुमारास दोन्ही हातांनीं पुन्हा पुन्हा चेंडू आपटण्यास बंदी आली. १९०१ त महाविद्यालयीन नियमांनीं आणखी एक पाऊल टाकलें : ड्रिबल करणारानें स्वतः गोलासाठीं चेंडू टाकूं नये, दुसऱ्याच्या हातीं द्यावा. १९०८ सालीं ही अट महाविद्यालयांपुरती उठली, आणि त्याच वेळीं ड्रिबल म्हणजे चेंडूची अखंड गति अशी व्याख्या झाली. ती एकदां खंडित झाली कीं पुन्हा सुरू करतां येत नाहीं. ‘कॅरी’चा सारा नियम या ‘अखंड’ शब्दाच्या पोटांत आहे, असें आमचें मत आहे. चेंडू हातांत विसांवला कीं अखंडत्व संपलें. त्यानंतर पुन्हा आपटणें हा दुसरा ड्रिबल, आणि पाऊल टाकणें हें चेंडू घेऊन पळणें. ‘कॅरी’ हा स्वतंत्र अपराध नाहीं. तो नेस्मिथच्या तिसऱ्या नियमाचाच नातू आहे.

धंदेवाईक संघांची वाट मात्र निराळी होती. पूर्वेकडील शहरांत तारेच्या पिंजऱ्यांतून चालणाऱ्या त्यांच्या सामन्यांत दोन्ही हातांनीं ड्रिबल करणें, थांबणें, व पुन्हा चालू करणें हें सर्व चाले. डोकें खालीं घालून अंगावर चालून जाणाऱ्या दांडग्या गड्यांस तें फार सोईचें होतें. १९२५ सालीं ‘अमेरिकन बास्केटबॉल लीग’ निघाली, तिनें हौशी मंडळींचे नियम पत्करले आणि हा प्रकार मागें पडला. एकाच काळीं एकाच देशांत एका खेळाची दोन शास्त्रें नांदत होतीं, हें ‘पूर्वीं नियम कडक होता’ असें म्हणणारांनीं विसरूं नये.

यानंतरची १९२७ ची घटना सर्वांत महत्त्वाची. त्या वर्षीं अमेरिकेंतील संयुक्त नियम-समितीनें ठराव केला कीं, ड्रिबल एका टप्प्यापुरताच असावा. म्हणजे ड्रिबल जवळजवळ नाहींसाच होणार होता. या सूचनेच्या मागें विस्कॉन्सिन विद्यापीठाचे शिक्षक डॉ. वॉल्टर मीनवेल हे होते. ते इंग्लंडांत जन्मलेले, पेशानें वैद्य, आणि आंखूड फेंकींच्या आंखीव खेळाचे पुरस्कर्ते. त्यांच्या पद्धतींत पांचही गडी तिरप्या वाटांनीं एकमेकांस छेदून जात आणि चेंडू हातोहात फिरे. तेथें एकट्यानें चेंडू आपटीत बसणें म्हणजे चारांस उभें करून ठेवणें. शिवाय ड्रिबल करणारा वेगानें आला कीं टक्कर होई, आणि ती टाळण्यासाठींच तर मुळांत पळण्याचा निषेध केला होता. मीनवेल यांचा पक्ष कर्त्याच्या हेतूस धरून होता हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. आम्हांस तर त्यांचा युक्तिवाद विरोधकांच्या युक्तिवादापेक्षां अधिक सुसंगत वाटतो.

तरी ते हरले. कॅन्सस विद्यापीठाचे शिक्षक फॉरेस्ट ‘फॉग’ ॲलन यांनीं आयोवा राज्यांतील दे मॉइन येथें शिक्षकांस एकत्र केलें. ॲलन हे नेस्मिथचेच विद्यार्थी, व कॅन्ससमध्यें त्याच्या मागून संघाचे मार्गदर्शक झालेले. या मेळाव्यांतून बास्केटबॉल-शिक्षकांची राष्ट्रीय संघटना निघाली, ॲलन तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि विरोध इतका झाला कीं समितीस ठराव परत घ्यावा लागला. टकरीचा प्रश्न थोड्याच काळानें दुसऱ्या रीतीनें सोडविण्यांत आला : १९२८-२९ पासून अडविणाऱ्यावर आदळणाऱ्या ड्रिबलकारासच फाउल लागूं लागला. आम्ही या निकालाकडे ऐतिहासिक दृष्टीनें पाहतो. तीस वर्षांच्या रूढीनें ड्रिबल इतका मुरला होता कीं, सूत्रकाराचा हेतु बाजूस राहून लोकाचारासच प्रमाण मानावें लागलें. वैयाकरणांच्या भाषेंत सांगावयाचें तर लक्षणानें लक्ष्यापुढें मान तुकविली.

स्त्रियांच्या खेळांत मात्र मीनवेल यांच्यासारखी दृष्टि दीर्घकाळ टिकली. स्मिथ कॉलेजांतील सेंडा बेरेन्सन यांनीं १८९२ पासून मुलींस हा खेळ शिकविला. त्यांच्या १८९९ च्या नियमांत क्रीडांगणाचे तीन भाग करून प्रत्येकीस आपल्या भागांत राहावें लागे, आणि तीनपेक्षां अधिक वेळ चेंडू आपटतां येत नसे. पुढें ही संख्या कमीजास्त होत गेली. अमर्याद ड्रिबलची मोकळीक अमेरिकेंतील स्त्रियांस १९६६ त मिळाली, आणि पांच जणींचा पूर्ण मैदानावरील खेळ १९७१ त आला. आयोवा राज्यांतील शाळांत सहा मुलींचा, दोन टप्प्यांच्या मर्यादेचा जुना खेळ तर १९९३ पर्यंत चालू होता, व तो पाहण्यास लोकांची दाटी होई. १९२७ चा ठराव टिकला असता तर पुरुषांचा खेळ कसा दिसला असता, याचा नमुना त्यांतून पुष्कळसा मिळतो.

जागतिक व्यवस्थेचा विचार केला तर, आंतरराष्ट्रीय संघ ‘फिबा’ १९३२ त जिनीव्हा येथें स्थापन झाला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकांत बास्केटबॉलास प्रथम स्थान मिळालें. वृद्ध नेस्मिथ तो समारंभ पाहण्यास हजर होता. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या अंगणांत झाला. पाऊस कोसळला, चिखल झाला, चेंडू उसळेनासा झाला. ड्रिबल जवळजवळ अशक्य होऊन अमेरिकेनें कॅनडास १९–८ असें हरविलें. ड्रिबल हा लांकडी, सपाट, कोरड्या जमिनीचा पुत्र आहे, हें त्या दिवशीं जगानें पाहिलें. (त्याच बर्लिनमध्यें अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें आपले देशी खेळ दाखविले होते, हें येथें स्मरणीय आहे.) हिंदुस्थानांत हा खेळ वाय. एम. सी. ए. च्याच मार्गानें आला. १९२० सालीं मद्रास येथें हॅरी क्रो बक यांनीं काढलेल्या शारीरिक शिक्षण-महाविद्यालयांतून शिक्षक तयार झाले, १९३४ त दिल्लीस पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि मुंबईंत नागपाड्यानें या खेळांत जें नांव कमावलें तें सर्वश्रुत आहे. मात्र आपल्याकडे आला तो खेळ बांधीव नियमांचा होता. त्याच्या घडणींतील भांडणें आपण पाहिलींच नाहींत. म्हणूनच कीं काय, आपण पुस्तकांतील वाक्यास अधिक अचल समजतों.

आतां खेळण्याच्या तऱ्हांकडे वळूं. आरंभींच्या चेंडूस बंद आंवळण्याची दोरी असे. ती गांठ जमिनीवर पडली कीं चेंडू भलतीकडेच उसळे. अशा चेंडूशीं नाजुक खेळ कसला करणार? दोरी गेली, पुढें सांचांत घडविलेला एकसारख्या गोलाईचा चेंडू आला, आणि हातास चेंडूचा भरवसा वाटूं लागला. १९४० नंतर सीटन हॉलचा बॉब डेव्हिस पाठीमागून चेंडू एका हातांतून दुसऱ्या हातांत नेऊं लागला. १९४९ त होली क्रॉसच्या बॉब कूझीनें बॉस्टन येथें लॉयोलाविरुद्ध उजवी बाजू बंद झालेली पाहून पाठीमागून चेंडू डावीकडे वळविला. हार्लेम ग्लोबट्रॉटर्सचा मार्क्स हेन्स गुडघ्यांवर बसून, अंग जमिनीवर टाकून, वीतभर उंचीचे टप्पे देई आणि चार जण त्याच्याभोंवतीं घिरट्या घालीत.

या कौशल्याचा एक दुरुपयोगही झाला. आघाडीवर असलेला संघ चेंडू आपटीत केवळ वेळ काढी. २२ नोव्हेंबर १९५० रोजीं फोर्ट वेनच्या पिस्टन्सनीं मिनियापोलिसच्या लेकर्सना १९–१८ असें हरविलें. संपूर्ण सामन्यांत दोघांचे मिळून ३७ गुण! प्रतिपक्षास चेंडू हिरावण्यासाठीं फाउल करण्यावांचून गत्यंतर नसे. २१ मार्च १९५३ च्या चार वेळां लांबलेल्या सामन्यांत कूझीनें सिराक्यूसविरुद्ध ५० गुण केले, त्यांतील ३० केवळ दंडाच्या मुक्त फेंकींचे होते. अखेर सिराक्यूसचे मालक डॅनी बियासोन यांच्या पुरस्कारानें १९५४ त एन. बी. ए. मध्यें २४ सेकंदांची मर्यादा आली. ४८ मिनिटांचे २,८८० सेकंद, आणि रंगतदार सामन्यांत दोन्ही पक्षांचे मिळून सुमारें १२० प्रयत्न, भागाकार २४. या घड्याळानें ड्रिबलचें प्रयोजनच पालटलें. वेळ काढण्यासाठीं ड्रिबल करण्याचे दिवस गेले. थोड्या वेळांत समोरच्यास चकवून वाट काढणें हें त्याचें काम झालें. आणि चकविण्याची गरज आली तेथेंच तळहात चेंडूच्या माथ्यावरून बाजूस सरकूं लागला.

येथें नियमाचा गाभा समजून घेतला पाहिजे. चेंडू म्हणजे शाळेंतील पृथ्वीचा गोल समजावा. हात उत्तर ध्रुवावर असेल तर चेंडूस केवळ खालीं ढकलतां येतें; कूझीच्या काळचे खेळाडू बहुधा असेच खेळत. हात विषुववृत्ताकडे उतरला तर चेंडूस बाजूस खेंचतां येतें, व एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे झटक्यानें नेतां येतें. हात विषुववृत्ताच्या खालीं गेला कीं चेंडूचें वजन तळहातावर येतें. तेथें ‘कॅरी’ची शंका सुरू होते. एन. बी. ए. च्या नियमाचा आशय असा कीं, ड्रिबल करणारानें हाताचा कोणताही भाग चेंडूखालीं घालून तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेऊं नये, किंवा त्यास थांबवून पुन्हा ड्रिबल चालू करूं नये. फिबाचें लक्षण अधिक त्रोटक आहे : चेंडू एका किंवा दोन्ही हातांत विसांवला कीं ड्रिबल संपला. वाचकांनीं भेद पाहावा. पहिल्या पाठांत नुसता हात खालीं जाणें हा दोष नव्हे. ‘नेणें’ किंवा ‘थांबविणें’ हें सोबत पाहिजे. दुसऱ्यांत हाताच्या जागेचा उल्लेखच नाहीं. ‘विसांवणें’ हीच कसोटी. हात खालीं दिसतांच ओरडणारा प्रेक्षक यांपैकीं कोणताच नियम वाचीत नाहीं. तो तिसराच एक नियम मनांत धरून असतो.

परंतु ‘विसांवणें’ म्हणजे काय? वर फेंकलेली वस्तु ज्या क्षणीं माथ्यास पोंचते त्या क्षणीं तिची वर जाण्याची गति शून्य असते. उसळलेला चेंडूही आपल्या टप्प्याच्या शिखरावर निमिषमात्र थबकतोच. हा थांबा निसर्गाचा आहे, त्यास दोष देतां येत नाहीं. आतां खेळाडू चेंडू जरा उंच उसळूं देतो, वर येणाऱ्या चेंडूसोबत आपला हात वर नेतो, आणि शिखरावर तो निसर्गदत्त क्षण आपल्या बोटांनीं किंचित् लांबवितो. एवढ्यांत समोरचा रक्षक फसतो, कारण चेंडू थांबलेला दिसला कीं आतां फेंक येणार असें त्यास वाटतें. तो ताठ होतो, टांच उचलतो, आणि खेळाडू त्याच्या बाजूनें निसटतो. ‘कॅरी’चा सगळा लाभ या लांबविलेल्या क्षणांत आहे. पंचास ठरवावयाचें असतें तें हें कीं, थांबा चेंडूचा होता कीं हाताचा. तें डोळ्यानें, धांवत्या खेळांत, एका पळांत ठरवावें लागतें. शालेय सामन्यांत शिट्टी हातीं धरण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे त्यांस त्यांतील अडचण विस्तारानें सांगावयास नको.

उंच टप्पा, पाठीमागचा टप्पा, पायांमधून टप्पा, एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे नेणारा ‘क्रॉसओव्हर’ असा हा कलाविस्तार १९६० ते १९९० या काळांत झाला. अर्ल मन्रो, पीट मॅराविच, सिराक्यूसचा ‘पर्ल’ वॉशिंग्टन यांचीं नांवें त्यांत येतात. टेक्सास-एल पासोहून आलेल्या टिम हार्डवेनें पायांमधून चेंडू काढून लागलीच उलट्या बाजूस नेण्याची जोड प्रसिद्धीस आणली. कळस झाला तो ॲलन आयव्हरसनमध्यें. जॉर्जटाऊन विद्यापीठांत असतांना संघांतील एका अप्रसिद्ध सोबत्यापासून हा ‘क्रॉसओव्हर’ आपण शिकलों, असें तो सांगतो. १२ मार्च १९९७ रोजीं फिलाडेल्फिया येथें, पहिल्याच हंगामांत, त्यानें साक्षात् मायकेल जॉर्डन यास दोनदां डावीउजवी दाखवून चकविलें व चेंडू टोपलींत टाकला. सहा फुटी नवख्यानें साडेसहा फुटी सम्राटास चकविल्याचें तें चित्रफितींतील दृश्य आजही पाहिलें जातें, आणि ‘कॅरी’च्या वादांत साक्षीदार म्हणून उभें केलें जातें. आयव्हरसनचा हात चेंडूच्या बाजूस पुष्कळ उतरे, हें निर्विवाद आहे. त्यानें चेंडू ‘नेला’ कीं नाहीं यावर जाणत्यांचें एकमत नाहीं.

या वादांत आणखी एक गल्लत नेहमीं होते, ती पावलांची. ड्रिबल चालू असतां, चेंडू हातास लागलेला नसेल तोंवर, खेळाडूनें कितीही पावलें टाकावीं. त्यास मर्यादा नाहीं. ड्रिबल संपवून चेंडू आंवरतांना मात्र पावलें मोजलीं जातात. एन. बी. ए. नें २००९ त दोन पावलांची मुभा स्पष्ट शब्दांत लिहिली, फिबानें २०१७ त चेंडू आंवरण्याच्या क्षणीं जमिनीवर असलेलें पाऊल गणतींत न धरण्याचें ठरविलें, आणि एन. बी. ए. नें २०१९ त ‘चेंडू आंवरणें’ या क्रियेचें लक्षण अधिक नेमकें केलें. हे सारे फेरफार पळण्याच्या नियमांतले आहेत, ‘कॅरी’च्या नव्हेत. प्रेक्षकास दोन्ही एकाच वेळीं, एकाच हालचालींत दिसतात. म्हणून पावलांत मिळालेली सवलत तो तळहाताच्या नांवावर मांडतो.

आतां मूळ आरोपाचा निकाल. नियमाचा शब्द शिथिल झाला, असा पुरावा आम्हांस दिसत नाहीं; विसांवलेला चेंडू पुन्हा आपटूं नये हें तत्त्व १९०८ पासून अबाधित आहे. सैल झाली ती ‘विसांवणें’ या शब्दाची पंचांनीं केलेली व्याख्या. माथ्यावरचा हात बाजूस आला, बाजूचा किंचित् खालीं आला, आणि प्रत्येक पिढीच्या पंचांनीं मागील पिढीच्या कमाल मर्यादेस आपली नेहमींची मर्यादा मानलें. हें पंचांचें पाप कीं रूढीचा स्वाभाविक ओघ, याचा निर्णय करितांना एक गोष्ट विसरूं नये : ज्या ड्रिबलच्या शुद्धतेसाठीं ओरड होते तो ड्रिबलच मुळांत अशाच सैल व्याख्येचें अपत्य आहे. स्प्रिंगफील्डच्या तिसऱ्या नियमाचा हेतु कसोशीनें पाळला असता तर कूझीही नसता आणि आयव्हरसनही नसता. म्हणून आजच्या खेळाडूंस लबाड म्हणणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. परंतु चेंडू उघड उघड तळहातावर तोलून दोन पावलें नेणारास ‘काळ बदलला’ म्हणून सोडून देणें हेंही न्याय्य नव्हे. तेथें व्याख्येस वाव नाहीं. हात खालीं आहे आणि चेंडू नेलेला आहे.

रूढीचा ओघ मधूनमधून अडविला जातो, हेंही नमूद केलें पाहिजे. २०२२-२३ च्या हंगामारंभीं एन. बी. ए. च्या पंचांनीं या दोषावर पुन्हा शिट्ट्या वाजविण्यास सुरवात केली. गोल्डन स्टेटचा जॉर्डन पूल याच्यावर लागोपाठच्या सामन्यांत तसे निर्णय झाले, प्रेक्षकांत व वृत्तपत्रांत चर्चा झाली, आणि खेळाडूंनीं कांहीं दिवस हात माथ्याकडे सरकविला. त्यासाठीं नियमांत नवें वाक्य घालावें लागलें नाहीं. जुनेंच वाक्य पुन्हा वाचावें लागलें.